सीआरपी नॉर्मल आली म्हणून डोळे सुरक्षित ठरत नाहीत

सोलापुरात व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतोय: 'मधुमेहात डोळे सुजेमुळे जातात. रक्ताची सीआरपी नॉर्मल असेल तर पडदा ठीक. वाढली असेल तर हळदीच्या पाण्याचे थेंब घाला. डोळ्यातल्या इंजेक्शनने माणूस आंधळा होतो.' (सीआरपी म्हणजे शरीरातली सूज, म्हणजे दाह, दाखवणारं रक्तातलं प्रथिन; पडदा म्हणजे डोळ्याच्या आत मागे असलेला रेटिना.)

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच बाकीचं लोकांच्या गळी उतरतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्यात इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, एमसीपी-१ ही दाहाची द्रव्यं वाढतात. व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिनही वाढतं, त्यामुळे वाहिन्या पाझरतात, नव्या नाजूक वाहिन्या उगवतात. आजार जितका पुढे गेलेला, तितकी ही द्रव्यं सहसा जास्त सापडतात.

पण कुठे? डोळ्यातून सुईने काढलेल्या पाण्यात, किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या आतल्या द्रवात. सीआरपी यकृतात तयार होतं आणि दाढेच्या संसर्गानेही वाढतं. पडदा आणि रक्त यांच्यामध्ये अडसर असतो. डोळ्यात चाललेलं सगळं हाताच्या शिरेत दिसत नाही. सीआरपी नॉर्मल असतानाही पडद्यावर रक्तस्राव असू शकतो. डोळ्यातल्या द्रव्यांची मोजणीसुद्धा मुख्यतः संशोधनापुरती आहे. आजार कळतो तो बाहुली मोठी करून पडदा पाहिल्यावर आणि ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, केल्यावर.

नजर स्वच्छ असणं हाही पुरावा नाही. मागावर तुटलेला धागा झटक्यात दिसतो म्हणून सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांनी निर्धास्त राहू नये. टाईप २ मधुमेह असेल तर निदान होताच पडदा तपासायचा, मग साधारण दरवर्षी.

हळदीचं पाणी पडद्यापर्यंत पोचत नाही. घरचं पाणी निर्जंतुक नसतं, त्याने बुबुळाला संसर्ग होऊ शकतो. डोळ्यातलं इंजेक्शन व्हीईजीएफला अडवतं. त्यातही संसर्गाचा धोका आहे, पण हजार इंजेक्शनांमागे एकाहून कमी. पाझरण्याने पडद्याला आलेली सूज तशीच ठेवली तर नजर जाण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

मला सर्वांत जास्त राग याचा येतो की संदेशात साखर आटोक्यात ठेवण्याबद्दल अवाक्षर नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या मधुमेहावरच्या अभ्यासात, टाईप १ च्या ज्या रुग्णांना आधी पडद्याचा आजार नव्हता, त्यांच्यात काटेकोर नियंत्रणाने तो होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता.

इंजेक्शनची तारीख मिळाली असेल तर ती चुकवू नका. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा जाळं दिसलं, तर त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे जा.