अमेरिकेत लगेच काढतात म्हणे

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सध्या एकच धोशा चाललाय, भारतात जजला कोणी हात लावू शकत नाही, आजवर महाभियोगाने एकही गेला नाही, आणि अमेरिकेत बघा, जज बिघडला की लगेच घरी. लिहिणारे सगळे पुण्यात आणि वाचणारा मी न्यू हॅम्पशायरमध्ये, त्यामुळे जरा जास्तच चिडचिड होते.

अहो, महाभियोगाने गेलेला इथला पहिला फेडरल (म्हणजे केंद्राच्या कोर्टाचा) जज आमच्याच पोर्ट्समथचा. जॉन पिकरिंग. हार्वर्डचा माणूस, राज्याचा मुख्य न्यायाधीश होता, 1795 ला अध्यक्ष वॉशिंग्टनने फेडरल जिल्हा कोर्टावर नेमलं. पुढे डोकं फिरलं, दारू वाढली, आणि 1802 मध्ये कस्टमने जप्त केलेल्या 'एलायझा' जहाजाची केस आली तर हा पिऊन कोर्टात, सरकारचे साक्षीदार ऐकले नाहीत, जहाज मालकाला देऊन टाकलं, वर अपील पण करू देईना.

वाईटच की. पण तहहयात नेमणूक, आजारी जजला निवृत्त करायची सोयच नव्हती! 1801 च्या कायद्याने त्याचं काम दुसऱ्या जजकडे गेलं होतं खरं, पण नवे अध्यक्ष जेफरसन यांच्या पक्षाने पुढच्याच वर्षी तो कायदा रद्द केला आणि हे महाशय परत खुर्चीवर. मग राहिला महाभियोग. मुलाने सिनेटला, म्हणजे खटला ऐकणाऱ्या वरच्या सभागृहाला, अर्ज केला की वडील भ्रमिष्ट झालेत, तरी मार्च 1804 मध्ये 19 विरुद्ध 7 मतांनी दोषी. 19 जेफरसनवाले, 7 विरोधी फेडरलिस्ट पक्षाचे, इकडचा एक तिकडे नाही. आणि जागा मिळाली कोणाला? शेरबर्न नावाच्या सरकारी वकिलाला, जो त्याच्याविरुद्ध साक्ष देऊन आला होता. हे आपल्याकडे झालं असतं तर ग्रुपवर काय काय आलं असतं!

सव्वादोनशे वर्षांत इथे महाभियोगाने गेलेले फेडरल जज फक्त 8. आपल्याकडे 1993 ला सुप्रीम कोर्टाचे जज रामस्वामी यांच्यावरच्या महाभियोगाच्या वेळी 205 खासदार तटस्थ राहिले आणि ठराव पडला, ती लाज आहेच, नाही म्हणत नाही. पण आपला हायकोर्टाचा जज 62 ला घरी जातो, सुप्रीम कोर्टाचा 65 ला. इथे ऐंशी उलटलेले बसलेत, त्यांना कोण बोलणार.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर उत्तर आलं, "तू आता तिकडचाच." तिकडचा कसला? ज्युरी ड्यूटीचं पत्र येतं, त्यावर नागरिक नाही अशी टिक करून परत पाठवतो, ग्रीन कार्डची लाइन हलत नाही. आणि इकडचा तरी किती? आमच्या जमिनीचा दावा तालुक्याच्या कोर्टात वडील होते तेव्हापासून पडलाय. पिकरिंगला कोणी किती मतं दिली ते मला पाठ, आणि आमच्या दाव्यापुढे बसलेल्या जजचं नाव मी भावाला कधी विचारलं पण नाही. तारखेला तोच जातो. मी वकिलाची फी पाठवतो.