‘पार्टची दुकाने संपली’ हा मेसेज एकदा तपासून पाहू

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा आशय असा: इलेक्ट्रॉनिक्स पार्टची दुकाने आता संपली. ऑनलाइन पंधरा-वीस पैशांना पडणारा रजिस्टन्स (करंट अडवणारा छोटा पार्ट) दुकानदार दोन रुपयांना विकतो. पार्ट कुठूनही घेतला तरी तोच असतो. दुरुस्ती कुणी करत नाही, पोरे प्रोजेक्टचे सामान मोबाइलवरून मागवतात. आणि अमेरिकेत रेडिओशॅक ही दुकानांची मोठी साखळी बुडाली, तिथे खान्देशातल्या दहा बाय बाराच्या गाळ्याची काय कथा! मेसेज पटतो, कारण त्यातले एखाद-दुसरे वाक्य खरे आहे. पण त्यावर विसंबून कुणी दुकान बंद करत असेल किंवा मुलाला या धंद्यापासून परावृत्त करत असेल, तर एकेक वाक्य नीट तपासायलाच हवे.

‘पंधरा पैशांचा रजिस्टन्स दोन रुपयांना.’

पंधरा पैसे हा शंभर किंवा हजार नगांच्या पुडीचा भाव आहे. गिऱ्हाइकाला हवा असतो एक नग. अँप्लिफायरमध्ये जळालेला ४७ ओमचा अर्ध्या वॅटचा एक रजिस्टन्स ऑनलाइन मागवला, तर अख्खी पुडी घ्यावी लागते, वर डिलिव्हरीचे पैसे, वर तीन-चार दिवसांची वाट. उरलेले नव्व्याण्णव घरात पडून राहतात.

आता दुकानाचा हिशेब. रजिस्टन्सच्या नेहमीच्या मालिकेत दर दशकात (१ ते १०, १० ते १०० अशा दहापटीच्या टप्प्यात) बारा किमती येतात. १ ओमपासून १ मेगओमपर्यंत सहा दशके, म्हणजे ७३ किमती. पाव, अर्धा आणि एक वॅट असे तीन प्रकार ठेवले की झाले २१९ खण. रोज हात जातो तो २२०, ३३०, १के (के म्हणजे हजार ओम), ४.७के, १०के, १००के अशा पंधरा-वीस खणांत. बाकीचे दोनशे खण महिनोन्महिने हलत नाहीत, पण ३.९ ओमचा एक वॅट मागायला कुणी आला तर तो त्या क्षणी मिळायला हवा. दोन रुपयांत या पडून राहिलेल्या दोनशे खणांचे भाडे आहे.

आर्डुइनो, ईएसपी३२, डिस्प्ले, सेन्सर या तयार बोर्डांच्या बाबतीत मात्र मेसेज खरा आहे. तिथे ऑनलाइन भाव दुकानाला परवडत नाही आणि दुकानाने त्या भांडणात पडूच नये. अडलेल्यासाठी प्रत्येकी चार-पाच नग ठेवावेत, बस.

‘पार्ट कुठूनही घ्या, तोच असतो.’

मेसेजमधले सगळ्यात महागात पडणारे वाक्य हेच. इंडक्शन शेगडीचे उदाहरण घेऊ. शेगडी बंद, आतला फ्यूज उडालेला, मीटर लावला तर आयजीबीटी, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारा मोठा ट्रान्झिस्टर, शॉर्ट. कारागीर नंबर पाहतो, समजा एच२०आर१२०३: २० अँपिअर, १२०० व्होल्ट. तो स्वस्तातला मागवतो, लावतो, चालू करतो आणि पहिल्याच मिनिटाला फट्. लोक म्हणतात, नशीब खराब. नशिबाचा संबंध नसतो, कारणे दोन असतात.

पहिले कारण खुद्द पार्ट. या आयजीबीटीच्या पोटात उलट दिशेचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, आणि बाहेर गेट, कलेक्टर, एमिटर असे तीन पाय. मीटर डायोडवर ठेवून लाल पिन एमिटरला आणि काळी कलेक्टरला लावली की अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. जुना नंबर घासून नवा छापलेल्या मालात कधी डायोडच नसतो, कधी आतली सिलिकॉनची चकती लहान असते. डायोड नसलेला पार्ट या सर्किटमध्ये टिकणे शक्यच नाही. ही तपासणी काउंटरवर अर्ध्या मिनिटात होते. सीलबंद पाकिटातून आलेल्या पार्टची कोण करून देणार?

दुसरे कारण, आयजीबीटी कशाने गेला हेच न बघणे. नवा लावण्याआधी एसीचे डीसी करणारा ब्रिज, गेटवरचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा १८ व्होल्टचा झेनर, गेट चालवणाऱ्या ड्रायव्हरची ट्रान्झिस्टरची जोडी, कॉइलजवळचा ०.२७ ते ०.३३ एमएफडीचा (मायक्रोफॅरॅडचा) मोठा कंडेन्सर आणि ५ एमएफडीचा फिल्टर कंडेन्सर मोजावा. मुख्य लाइनवरून सिग्नल आणणारे २२०के-४७०केचे रजिस्टन्स हमखास किंमत वाढवून बसलेले असतात, तेही बघावेत. मग आयजीबीटी न लावताच १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घेऊन बोर्डाला लाइट द्यावी. १८ आणि ५ व्होल्ट बरोबर येतात का आणि स्टँडबायला गेट शून्यावर आहे का, हे पाहावे. त्यानंतरच आयजीबीटी, खाली उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट, स्क्रू घट्ट. बल्ब क्षणभर लागून विझला तर पुढे जावे. पूर्ण तेजाने पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे. आणि बऱ्याच बोर्डांत हीटसिंकमध्येच (आयजीबीटी थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्यात) करंट असतो, चालू असताना त्याला बोट लावू नये. हे सगळे सांगणारे दुकान आयजीबीटीबरोबर झेनर, दोन ट्रान्झिस्टर आणि फ्यूजही विकते. गिऱ्हाईक पुन्हा येते ते त्यामुळे.

शेतातल्या ऑटोचेही (पाण्याची मोटार आपोआप चालू करणाऱ्या पेटीचेही) तसेच. विजेच्या कडकडाटात ऑटोच्या बोर्डावरचा एमओव्ही, म्हणजे चढलेले व्होल्टेज स्वतःवर घेणारा पार्ट, फुटतो. तो निळा गोल चकतीसारखा पार्ट, सगळे दिसायला सारखे. १४डी४७१ हा ३०० व्होल्ट एसीपर्यंतचा, घरच्या सिंगल फेजला योग्य. विहिरीवरच्या ४१५ व्होल्टवर तो लावला की लाइट येताच फुटतो. तिथे १४डी८२१ लागतो, ५१० व्होल्टचा, आणि रात्री व्होल्टेज चढत असेल तर १४डी९११. म्हणून समजणारा दुकानदार पार्ट हातात देण्याआधी विचारतो, ‘दादा, मोटार सिंगल फेजची की थ्री फेजची?’ हा एक प्रश्न कुठल्याही ॲपवर नाही.

आणि आपला मे महिना. भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या घरात जातो, उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून कितीतरी वर. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मे होते. कंडेन्सर ८५ आणि १०५ अंशांचे असे दोन प्रकारचे मिळतात. पेटीत ६५ अंश धरले आणि आपापल्या कमाल तापमानाला दोन्ही २००० तासांचे असतील, तर ८५ अंशांचा साधारण ८,००० तास जगेल आणि १०५ अंशांचा ३२,००० तास. सतत चालू धरले तर एक अकरा महिने, दुसरा साडेतीन वर्षांच्या वर. किमतीतला फरक रुपया-दोन रुपयांचा. खान्देशातल्या दुकानाने ८५ चा माल ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बॅटरीचे थोडक्यात: १८६५० या लिथियम सेलवर ९९०० एमएएच छापलेले असेल तर तो खोटा, चांगल्या सेलचीही मजल ३५०० च्या आसपास संपते. अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. काउंटरवर छोटा वजनकाटा ठेवा, वाद मिटतो.

‘दुरुस्ती कुणी करत नाही.’

कूलरची मोटार भर उन्हाळ्यात बसली, केळीला पाणी द्यायच्या रात्री ऑटो गेला, तर माणूस नवीन घ्यायला निघत नाही. तो आधी पार्ट शोधतो. पंखा हळू फिरतो म्हणून आलेल्याचा २.५ एमएफडीचा कंडेन्सर मीटरवर १.६ दाखवतो, तो बदलला की काम संपले. हे मोजून देण्याचे दुकानाने पैसे घेऊ नयेत.

एलईडी टीव्ही तर या दुकानांचे नवे अन्नदाते आहेत. आवाज येतो, चित्र नाही. अंधारात पडद्यावर टॉर्च मारला की पुसट चित्र दिसते. म्हणजे बॅकलाइट, पडद्यामागच्या एलईडीच्या पट्ट्या, गेली. पट्टीतला एक एलईडी ओपन झाला की अख्खी ओळ विझते. तो एकच बदलू नये, सगळ्या पट्ट्या एकदम बदलाव्यात, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत शेजारचा जातो आणि पॅनेल पुन्हा उघडताना फुटण्याचा धोका. जुनी पट्टी सोबत आणावी: लांबी मिलिमीटरमध्ये, एलईडी किती, ३ व्होल्टचे की ६ व्होल्टचे, भिंगाची उंची किती. चारही जुळायला हवे. नव्या पट्ट्या लावल्यावर ड्रायव्हरचा करंट पाव हिश्श्याने कमी करून द्यावा, उजेडात फारसा फरक जाणवत नाही आणि पट्टी टिकते. पूर्वी हीच दुकाने टीव्हीचे ट्यूनर आणि कॅसेटचे बेल्ट विकत होती. माल बदलला, धंदा तोच राहिला.

‘पोरे सामान मोबाइलवर मागवतात.’

मागवतात, आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी दुकानात येतात. कारण बोर्ड आला, पण चालत नाही. नेहमीची तक्रार: ईएसपी३२ ला ५ व्होल्टचे साधे लो-ट्रिगर (पिन ‘लो’ झाली की चालू होणारे) रिले मॉड्यूल, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, जोडले, रिले लागतो पण सुटत नाही. ईएसपीची पिन ‘हाय’ म्हणून ३.३ व्होल्ट देते, मॉड्यूलची सप्लाय ५ ची. मध्ये उरलेले १.७ व्होल्ट मॉड्यूलवरच्या ट्रान्झिस्टरला चालू ठेवायला पुरतात. उपाय म्हणजे एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि एक ४.७केचा रजिस्टन्स. पिनपासून ४.७के बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर मॉड्यूलच्या इनला. प्रोग्राममध्ये हाय-लो उलटे करायचे. अशा दोन सुट्या नगांसाठी तर दुकान हवे!

ठिबकच्या प्रोजेक्टला लागणारा मातीच्या ओलाव्याचा सेन्सरही असाच दगा देतो. त्यावरच्या चिपवर एनई५५५ लिहिले असेल तर तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात, आणि बोर्डवरचा रेग्युलेटर देतो ३.३. टीएलसी५५५ असलेला घ्यावा, आणि कडांना वॉर्निशचा हात द्यावा, कडांतूनच पाणी शिरते. डीएचटी११ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर तर ५० अंशांपर्यंतचाच आहे, तो उन्हातल्या पेटीत ठेवून आकडे बरोबर येत नाहीत म्हणण्यात अर्थ नाही.

‘रेडिओशॅक बुडाली.’

बुडाली, २०१५ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरी, २०१७ मध्ये पुन्हा. पण तेव्हा तिच्या सुमारे चार हजार दुकानांत पुढे मोबाइल होते आणि पार्टचे ड्रॉवर मागच्या कोपऱ्यात. ती मोबाइलची दुकाने म्हणून बुडाली. याहून बोलका दाखला ऑस्ट्रेलियाचा. डिक स्मिथ हे दुकान १९६८ मध्ये गाडीच्या रेडिओच्या कामापासून सुरू झाले, हौशी लोकांना पार्ट विकून वाढले, पुढे पार्ट सोडून टीव्ही-लॅपटॉपच्या मागे लागले आणि २०१६ मध्ये बंद पडले. १९८१ पासूनची जेकार पार्ट, किट आणि सोल्डरिंगचे सामान धरून राहिली. तिची तिथे आणि न्यूझीलंडमध्ये मिळून शंभरावर दुकाने आहेत. एकाच बाजारात एक बुडाले आणि दुसरे टिकले, तेव्हा दोष पार्टच्या धंद्याला कसा देणार?

दुकाने बंद पडतात हे खरे आहे. ज्यांनी फक्त रिमोट, अडॅप्टर आणि चार्जर ठेवले त्यांना ऑनलाइनने खाल्ले. ज्यांनी कारागिरांच्या उधारीची वही वेळेत बंद केली नाही, ते उधारीत गेले. आणि काही जण डेड स्टॉकमध्ये. हजाराची पुडी फक्त त्या पंधरा-वीस किमतींची घ्यावी, बाकी खणांत पन्नास-पन्नास पुरेत. आयजीबीटी, एमओव्ही, बॅकलाइट पट्टी यांचा साठा महिन्याच्या खपाहून जास्त नको. कमी पडलेला माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने सांगितला की सकाळी जळगावात उतरतो. काय मागितले आणि नव्हते, त्याची रोज एक ओळ वहीत लिहावी. महिनाअखेरीस त्यात तीनदा आलेला नंबर खणात यायला हवा.

राहिला पार्ट परत घेण्याचा प्रश्न. झाळलेला (सोल्डर करून लावलेला) आयसी कोणतेच दुकान परत घेऊ शकत नाही, कारण तो कशाने गेला ते कळत नाही. म्हणून देतानाच गिऱ्हाइकासमोर मीटरवर दाखवावा, आकडा बिलावर लिहावा आणि पार्टवर मार्करने तारखेची खूण करावी. न झाळलेला, खूण असलेला नग आठ दिवसांत आला तर न कुरकुरता बदलून द्यावा.