‘बोलून बिल निघत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, प्रतिक्रिया नीट वाचली. तुम्ही भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवता आणि म्हणताय की संशोधन संस्थांमधले लॅबवाले ड्रॉइंग सारखं बदलतात, माल घेऊन बिल अडकवतात, टेंडर शेवटी एल-वनलाच, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाल्यालाच जातं, मग ऑर्डर देण्याआधी "सप्लायरशी बोला" हा लॅबवाल्यांना मी दिलेला सल्ला काय कामाचा. ड्रॉइंगचं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, ऑर्डर काढणारा पीएचडीचा मुलगा थीसिस देऊन निघून जातो, त्याच्या जागी आलेल्याला आधी काय ठरलं होतं तेच माहीत नसतं आणि भुर्दंड वर्कशॉपला.

पण बोला म्हणजे चहाच्या मीटिंगा घ्या असं मला म्हणायचं नाहीये. ऑर्डरसोबत दोन गोष्टी लिहून याव्यात, वस्तू कशासाठी हवीय आणि ती पास की नापास हे कोण, कुठे, कसं ठरवणार, बस.

तुमच्याच कामातलं बघा. स्टेनलेसचा व्हॅक्युम चेंबर आहे, म्हणजे पंपाने आतली हवा काढून टाकायची पेटी, चांगला वेल्डर मजबुतीसाठी जॉइंटला आतून-बाहेरून दोन्हीकडून फुल वेल्ड मारतो, त्याच्या हिशोबाने हे उत्तम काम. पण हाय व्हॅक्युममध्ये त्या दोन वेल्डच्या मधे अडकलेली हवा आतल्या एखाद्या बारीक छिद्रातून हळूहळू चेंबरमध्ये येत राहते, याला व्हर्च्युअल लीक म्हणतात. गळती शोधायला बाहेरून हेलियम वायू मारला तरी लीक डिटेक्टर काही दाखवत नाही, कारण बाहेरची हवा आत येतच नसते. पंप दिवसरात्र चालू, प्रेशर उतरत नाही, लॅब म्हणते काम खराब, वर्कशॉप म्हणतं ड्रॉइंगप्रमाणेच दिलंय, आणि दोघंही खरं बोलत असतात! आतून सलग वेल्ड, बाहेरून गरज असेल तरच तुटक टाके, आणि का ते एका ओळीत, एवढं लिहिलं असतं तर वाद झालाच नसता.

"हे सर्नला परवडतं" असंही तुम्ही लिहिलंय. तर सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा, आणि एलएचसी हे तिथलं कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र. त्याचे १२३२ डायपोल मॅग्नेट, म्हणजे कणांना वळवणारे चुंबक, एकेक साधारण १५ मीटर लांब, युरोपातल्या तीन कंपन्यांनी बनवले. त्यांची सुपरकंडक्टिंग (अतिथंड केल्यावर विरोधाशिवाय वीज नेणारी) केबल सर्नने स्वतः घेऊन त्यांना पुरवली. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की केबलची गुंडाळी, म्हणजे कॉइल, तिला घट्ट धरणाऱ्या कॉलरमध्ये बसवल्यावर कारखान्यातच, साध्या तापमानाला, चुंबकीय क्षेत्र मोजायचे, त्यामुळे जुळणीतल्या काही चुका तिथेच सापडल्या, मॅग्नेट पूर्ण व्हायच्या आधी. आणि आपल्याकडे जमत नाही असंही नाही, त्याच मॅग्नेटखालचे सुमारे ७००० जॅक इंदूरच्या कॅट या सरकारी संशोधन केंद्राने, म्हणजे आताच्या आरआरकॅटने, भारतीय उद्योगांकडून करून घेऊन पाठवले.

एल-वनबद्दल. जीएफआर २०१७ मध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या खर्च-खरेदीच्या नियमांत, प्री-बिड कॉन्फरन्सची, म्हणजे बिड भरण्याआधीच्या बैठकीची सोय आहे, तिथे सगळ्यांसमोर प्रश्न विचारता येतात, त्यात लपूनछपून काही नाही. लीक टेस्ट टेंडरमध्येच लिहिली की ज्याच्याकडे ती सोय नाही त्याला एकतर तो खर्च रेटमध्ये धरावा लागतो नाहीतर बाजूला व्हावं लागतं. स्वस्तातला बिडर तेव्हाच जिंकतो जेव्हा टेस्टचं कुणी काही बोललेलंच नसतं.

आता बिल. एमएसएमई कायद्यात, २००६ च्या, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, आणि माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असंच धरतात. पण टेस्टच ठरलेली नसेल तर लॅब "तपासणी चालू आहे" म्हणत फाईल दाबून ठेवते आणि तुम्ही फोन करत बसता. म्हणून टेस्ट तुमच्या शेडमध्ये, डिस्पॅचच्या आधी व्हावी, डिटेक्टर लॅबने आणावा, कागदावर दोघांच्या सह्या.

लॅबवाल्यांना मी हे सांगतोच आहे. तुम्हीही पुढच्या कोटेशनमध्ये "टेस्ट कुठली, कोण करणार, कुठे" हे स्वतःहून विचारा, आणि लेखी उत्तर हातात येईपर्यंत शीट कापू नका.