'पाचारण आलं की कोणाला न विचारता निघा' म्हणे! हे लिहिलंय कुठे?

गेले काही आठवडे ख्रिस्ती ग्रुप्सवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, प्रभूच्या सेवेसाठी जीवन वाहायचं असेल तर पाळायचे सहा नियम. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक, पाचारण, म्हणजे देवाचं सेवेसाठी बोलावणं, जाणवलं की लगेच निघा, घरच्यांना, पाळकांना (पास्टरना) कोणालाच विचारू नका, सैतान त्यांच्याच तोंडून बोलतो. दोन, आईवडिलांना देव सांभाळेल, तुम्ही संबंध तोडा. तीन, शिक्षण आणि डिग्री जगाची, त्यात वेळ घालवू नका. चार, लग्न केलेला अर्धाच सेवक. पाच, पगार घेणारा भाडोत्री, आणि तुमच्या नावावर जे काही आहे ते जिथे सेवा करणार तिथे देऊन टाका. सहा, एकदा निघून परत फिरलात तर तुमच्यावर आणि तुमच्या घरावर शाप.

असले मेसेज मी एरवी बघून सोडून देते. पण हा माझ्या भाचीने पाठवला, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती, आणि खाली लिहिलं होतं, 'मावशी, मी परीक्षेला नाही बसले तर देव रागावणार नाही ना?' त्यानंतर गप्प बसणं शक्यच नव्हतं. सेवेला आयुष्य वाहिलेली माणसं मी जवळून पाहिलीत, त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या नावावर पोरांना घाबरवलं जातं याचा संताप येतो.

सहावा मुद्दा आधी घेते कारण बाकीच्या पाचांची भीती त्याच्यावरच उभी आहे. आधार दिलाय बायबलमधल्या लूक ९:६२ चा, नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला उपयोगी नाही. वचन कडक आहे, मान्य. पण त्यात शाप कुठे आहे? घरच्यांवर शाप कुठे आहे? हा शब्द मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच्या पदरचा घातलाय. आणि परत फिरलेल्याचं काय होतं हे बघायचंच असेल तर बायबलमध्ये एक अख्खा माणूस आहे, मार्क. पौल आणि बर्णबा या सुरुवातीच्या काळातल्या प्रचारकांबरोबर पहिल्या प्रवासाला निघाला, पंफुल्यात (आजच्या तुर्कस्तानात) त्यांना सोडून यरुशलेमेला परत गेला (प्रेषितांची कृत्ये १३:१३). पौल इतका चिडला की पुढच्या वेळी याला बरोबर घ्यायचंच नाही म्हणाला, त्यावरून बर्णबाशी कडाक्याचं भांडण झालं, दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबाने मात्र त्याला टाकला नाही, बरोबर घेऊन कुप्रला, म्हणजे सायप्रसला गेला. आणि शेवटी तोच पौल तुरुंगातून काय लिहितो? मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). जो सोडून गेला होता तोच उपयोगी! आणि मंडळीच्या परंपरेनुसार बायबलमधलं दुसरं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, याच मार्काचं. हे सगळं वगळून एका वचनावर शापाची इमारत बांधायची आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना पाठवायची, याला मी क्रूरपणाच म्हणेन.

आता पहिला, कोणाला विचारू नका. यासाठी पौलाचं गलतीकरांस पत्र १:१६ दिलंय, पौल म्हणतो मी रक्तमांसाची मसलत घेतली नाही. अहो, पुढची दोन वचनं वाचा की! तीन वर्षं गेली म्हणतो, मग यरुशलेमेला जाऊन येशूचा शिष्य पेत्र याला भेटला, पंधरा दिवस त्याच्याकडे राहिला. शिवाय तिथे विषय आहे त्याला सुवार्ता कोणाकडून मिळाली हा, आईला न सांगता घर सोडायचं का हा नाही. आणि पौल मोठ्या कामगिरीवर निघायची वेळ आली तेव्हा अंत्युखिया शहरातल्या मंडळीने (चर्चने) उपास केला, प्रार्थना केली, हात ठेवले आणि मग पाठवलं.

आम्ही काही कॅथलिक नाही, पण ज्यांना लोकांचं आयुष्यभराचं समर्पण स्वीकारायचा शतकानुशतकांचा अनुभव आहे त्यांचे नियम तरी बघा. कॅथलिक चर्चची १९८३ ची कायदेसंहिता उघडून बसा, कोणालाही वाचता येते. सिस्टर किंवा ब्रदर व्हायचं तर सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नवशिक्या म्हणून सुद्धा घेत नाहीत. जबरदस्तीने, मोठ्या भीतीपोटी किंवा फसवणुकीने कोणी आलं असेल तर तो प्रवेशच रद्दबातल (नियम ६४३). निदान बारा महिने नवशिक्याचे, आणि त्या काळात कधीही निघून जायची मोकळीक. मग तीन ते सहा वर्षांसाठी तात्पुरती व्रतं, मुदत संपली की जायला परत मोकळे. कायमचं व्रत एकवीसच्या आत नाहीच. म्हणजे साधारण चार वर्षं तरी तुम्हाला विचारत राहतात, नक्की का, नक्की का. वर २१९ वा नियम सरळ सांगतो की आयुष्याचा मार्ग निवडताना कोणावरही जबरदस्ती होता कामा नये. आता यांच्या मेसेजमधली शापाची धमकी या कसोटीला लावून बघा, एक पायरी तरी चढेल का?

मदर तेरेसांचं नाव तर मेसेजमध्येच आहे, 'तिने हाक ऐकली आणि सगळं सोडलं' म्हणून. हाक ऐकली १९४६ साली. कॉन्व्हेंटबाहेर पाऊल टाकलं १९४८ मध्ये, आर्चबिशप आणि रोमची परवानगी मिळाल्यावर, आणि तोपर्यंत मुलींना शिकवत राहिल्या. बाहेर पडल्यावरही पहिल्यांदा काय केलं, तर पाटण्याला जाऊन रुग्णसेवेचं शिक्षण घेतलं.

तिथेच तिसऱ्या मुद्द्याचंही उत्तर आलं खरं तर, पण भाचीसाठी अजून एक नाव, आयडा स्कडर. भारतात काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी घरातली, पण मिशनरी व्हायचंच नाही असं ठरवून बसलेली मुलगी. एका रात्रीत तीन घरांतून बाळंतपणासाठी बोलावणं आलं, वडील डॉक्टर होते पण त्या घरांना पुरुष डॉक्टर चालत नव्हता, आणि हिला काही येत नव्हतं. तिन्ही बायका दगावल्या. ते पाचारण मानून ती लगेच सेवेला लागली का? नाही, अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाली, १८९९ मध्ये पदवी घेतली, मग परत आली आणि तमिळनाडूतल्या वेल्लोरचं हॉस्पिटलचं काम उभं राहिलं. १९०९ ला नर्सिंगचं शिक्षण सुरू केलं, १९१८ ला मुलींसाठी मेडिकल स्कूल. अभ्यास करून परीक्षेला बसणं ही सेवाच आहे ग बाई, पेपर सोडू नकोस.

आईवडिलांबद्दल थोडं कबूल करावं लागतं. लूक १४:२६ आहेच, आईबापांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही असं कठोर वाक्य आहे, आणि कधीकधी घरचे निव्वळ लोकलाजेपायी अडवतात, तेव्हा त्यांच्या मनाविरुद्ध जावं लागतं हेही खरं. पण दोनच वचनं पुढे येशू म्हणतो, बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा. ते का नाही फॉरवर्ड झालं? आणि मार्काच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात, जे लोक 'तुम्हाला द्यायचं ते देवाला वाहिलंय' असं सांगून आईवडिलांना हात चोळत बसवतात त्यांना येशूने ढोंगी म्हटलंय. देवाचं नाव पुढे करून जबाबदारी झटकणं, नेमकं तेच शिकवतोय हा मेसेज. वधस्तंभावर असतानाही त्याने आईची सोय लावली, शिष्याच्या हाती सोपवलं.

लग्नाचं एका ओळीत: पौलाने अविवाहित राहणं बरं म्हटलंय, पण त्याच अध्यायात तुम्हाला फास अडकवावा म्हणून हे सांगत नाही असंही म्हटलंय, आणि पेत्राला बायको होती.

राहिला पैसा. कामकरी मजुरीला पात्र आहे हे येशूचंच वाक्य, लूक १०:७, आणि पौल तंबू शिवून पोट भरायचा, म्हणजे दोन्ही वाटा चालतात. नावावरचं सगळं देऊन टाका यावर मात्र सावध व्हा. त्याच कायदेसंहितेत ६६८ वा नियम आहे, पहिल्या व्रताआधी आपल्या मालमत्तेचा कारभार कोणाकडे द्यायचा हे सदस्य स्वतः ठरवतो, संस्थेलाच द्यायला हवा असं नाही, आणि कायमच्या व्रताआधी देशाच्या कायद्यातही चालेल असं मृत्युपत्र करतो. त्यामुळे कोणी सेवेला बोलावत असेल तर आधी हे लेखी मागा: किती महिने राहून बघता येईल, आजारी पडलो तर खर्च कोण करणार, घरच्यांना भेटता येईल का, सोडून जायचं झालं तर काय. कागदावर द्यायला कां कूं करत असतील तर तिथे सही करू नका.