हरिहरेश्वरच्या कातळावरची ‘प्राचीन नक्षी’ मिठाची आहे

सुट्ट्या लागल्या की हरिहरेश्वरचे फोटो आणि सोबत एक मजकूर फिरू लागतो. तिथल्या मंदिराच्या, समुद्रालगतच्या प्रदक्षिणा मार्गावरच्या खडकात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी छिद्रं म्हणे प्राचीन कारागिरी आहे. कारणं तीन: एवढा कठीण दगड पाण्याने कोरला जात नाही, नक्षी फार सुबक आहे, आणि आजोबांच्या काळापासून तिच्यात काडीचा फरक नाही.

दगड कठीण आहेच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बसाल्ट आहे तो. पण छिद्रं पाडण्याचं मुख्य काम पाण्याच्या माऱ्याचं नसून मिठाचं आहे. (‘लाटांनी कोरलेली नक्षी’ हे नेहमीचं वाक्यही त्यामुळे अर्धंच खरं.) लाट फुटून उडालेले तुषार दगडाच्या बारीक भेगांत मुरतात, उन्हाने पाणी उडून जातं, मागे मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून रेटा देत दगडाचा एकेक कण सुटा करतात. जुन्या भिंतीला लोणा लागून गिलावा झडतो, तोच हा प्रकार. म्हणून ही पोळी मुख्यतः भरतीच्या रेषेच्या वर दिसतात. तिथे दगड भिजतो आणि वाळतोही. सतत पाण्याखाली असलेल्या कातळाला मीठ असं पोखरू शकत नाही.

नक्षीचा सुबकपणा लांबूनच दिसतो. एकदा खळगा पडला की आत सावली आणि ओल टिकते, मीठ साचतं, खळगा खोल जातो. जवळ जाऊन पाहिलं तर कुठे करंगळी जाईल, कुठे अख्खी मूठ; कित्येक छिद्रं एकमेकांत फुटलेली. इंग्लंडात वेस्टन-सुपर-मेअरला समुद्र अडवणाऱ्या भिंतीच्या दगडांतही अशीच पोळी पडली आहेत, शंभरेक वर्षांत. भिंत कधी बांधली ते माहीत असल्याने तिथे प्राचीन कारागीर आणायची सोय नाही. तो वालुकाश्म, म्हणून लवकर झिजला. बसाल्टला जास्त वेळ लागतो.

तो वेळ आजोबांच्या आठवणीत मावत नाही, एवढाच ‘फरक नाही’चा अर्थ. शिवाय किनारा कधी कधी एका दिवसातही बदलतो: माल्टाची प्रसिद्ध ‘अझुर विंडो’ ही खडकाची कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली.

मजकुरात एक गोष्ट मात्र बरोबर आहे. कड्यातून खाली उतरणाऱ्या पायऱ्या माणसांनीच खोदल्या आहेत. पण उतरल्यावर ज्या सपाट कातळावरून आपण चालतो, तो लाटांनी कड्याचा पायथा खात खात मागे ढकलून तयार केला आहे, आणि भरतीला त्या अजूनही तिथवर येतात. ओहोटीची वेळ विचारूनच उतरावं.