सरडा रक्त ओढत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

मावशीने काल फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला: बागेत मुलांना सोडू नका, सरडा लांबूनच रक्त ओढतो म्हणून त्याची मान लाल होते, सापसुरळी नागापेक्षा विषारी, घोरपडीच्या फुत्काराने माणूस आंधळा होतो, सोसायटीत लगेच फवारणी करून घ्या. आज तिचाच नातू बागेत सरड्याला दगड मारत होता. का रे, विचारलं तर म्हणे आजीने सांगितलंय! डोकंच फिरलं माझं.

आधी ते रक्ताचं. मान लाल होते हे खरं आहे, तेवढंच खरं आहे. पावसाळ्याच्या आसपास सरड्याचा विणीचा हंगाम असतो, तेव्हा नर रंगतो. आमच्या बागेच्या कुंपणावर एक रोज बसतो, एरवी वाळक्या काटकीसारखा, दिसतही नाही पटकन, पण शेजारच्या खांबावर दुसरा नर आला की बघता बघता डोकं-गळा लालभडक, गळ्याशी काळे डाग, आणि पुढच्या पायांवर चक्क जोर काढायला लागतो. दुसरा पळाला की रंग उतरतो. यात कुणाचं रक्त गेलं? इंग्रजीतही त्याला ब्लडसकर म्हणतात, ते याच रंगामुळे. खातो काय तर मुंग्या, नाकतोडे, अळ्या.

सापसुरळीला विषच नाही. अंग चकचकीत, पाय आखूड, म्हणून घाईत साप वाटते, बाकी काही नाही.

घोरपड कोंडीत सापडली तर कडकडून चावते, शेपटीचा फटकाही देते, मान्य. म्हणून लांब राहा. आंधळंबिंधळं कुणी होत नाही. आणि मारायचा विचार करणाऱ्यांनी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 उघडून बघा, घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे तिथेच, शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद.

फवारणीचं तर बोलूच नका. औषधाने आधी किडे मरणार, म्हणजे सरड्यांचं खाणंच गेलं, आणि तेच विषारी किडे खाऊन सरडेही जाणार. वर ती मुलं त्याच गवतात लोळणार!

परवा जास्वंदीखाली मादी पुढच्या पायांनी माती उकरत होती. अंडी घातली, माती ओढली, डोक्याने दाबून दाबून सारखी केली आणि गेली. माळीकाकांनी तिथे चार विटा लावून ठेवल्यात, कुणाचा पाय पडू नये म्हणून. मावशी, उद्या नातवाला घेऊन ये, त्याला ती जागा दाखवते.