‘खेड्यात डिप्रेशन नसतं’ म्हणे!

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज आठवड्यात तीनदा आला: ‘डिप्रेशन हे रिकामटेकड्या शहरी लोकांचं फॅड. रानात राबणाऱ्याला पडल्या पडल्या झोप लागते. मन मोकळं करायला पार आहे. गावात समुपदेशक कशाला? कर्ज फेडा, सगळे बरे होतील.’ एकेक घेऊ.

‘शहरी फॅड.’ बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं (महाराष्ट्र त्यात नव्हता). तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींत मानसिक आजारांचं प्रमाण महानगरांत १३.५ टक्के, ग्रामीण भागात ६.९. इथवर मेसेजवाल्याला अर्धे मार्क. पण लहान शहरांचा आकडा ४.३ आहे, म्हणजे खेडं त्यांच्याही पुढे. या वयाच्या हजार पोरांमागे ६९ जण, याला ‘नसतं’ कसं म्हणायचं?

‘राबणाऱ्याला झोप लागते.’ गावाकडच्या दवाखान्यात अर्धा तास बसून बघा. मी आईला घेऊन बसलो होतो. पुढे पन्नाशीची एक बाई, कापूस वेचून थेट आलेली, बोटं बोंडांनी ओरबाडलेली. ‘डाक्टर, अंग मोडून येतं, डोक्यात मुंग्या येतात, रात्री दोनला डोळा उघडतो तो पुन्हा लागत नाही. ताकदीचं सलाईन लावा.’ लावलं. घरी काय चाललंय, हे कुणी विचारलं नाही. बाहेर ओट्यावर आईने विचारलं तेव्हा म्हणाली, ‘मालक जाऊन दोन वर्षं झाली, तवापासून असंच हाय.’ डिप्रेशन हा शब्द तिच्या तोंडी आला नाही, येणारही नाही. तो शब्द घेऊन शोधायला निघालात तर खेड्यात खरंच कुणी सापडणार नाही.

‘पार आहे.’ पारावर बाया बसतात? पाणवठ्यावर तरी बोलायच्या, नळ दारात आला नि तेही गेलं. (नळाला नावं ठेवत नाही, मीही हंडे वाहिलेत.) पुरुष बसतात, पण बोलणं पावसाचं, भावाचं, सरपंचाचं. ‘जीव नकोसा झालाय’ असं कुणी बोललाच तर दिवेलागणीपर्यंत गावभर होतं आणि पुढे पोरीच्या सोयरिकीत आडवं येतं.

‘समुपदेशक कशाला?’ अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प चालला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून लोकांपर्यंत पाठवलं, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ वर आलं. तुलनेला दुसरी गावं नव्हती, एवढी खोट त्यात आहे. तरी दारात येऊन कुणी विचारलं की माणसं बोलतात, एवढं त्यातून दिसतंच.

‘कर्ज फेडा.’ फेडायलाच हवं. कापसाला भाव हवा, विमा वेळेवर हवा, त्यावर वाद नाहीच. पण कर्जमाफीची यादी लागेपर्यंतच्या रात्री कुणी काढायच्या? आणि ओट्यावरच्या त्या बाईचं नाव कुठल्या यादीत येणार?

मेसेजखाली मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर टाकला: १४४१६. फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. आई म्हणाली, ‘ग्रुपवर काय टाकतोस? तिच्याकडे बटणाचा फोन आहे. कागदावर लिहून दे, मी नेऊन देते.’